पाणकावळ्यावर बंदूक रोखण्याआधी

मागच्या सप्टेंबरात मी कुही तालुक्यातल्या एका जुन्या तलावाच्या पाळीवर उभा होतो. छोट्या टेम्पोतून मत्स्यबीजाच्या पिशव्या उतरत होत्या. थोडं पाणी, वर ऑक्सिजन आणि तोंडाला घट्ट आवळलेलं रबर. मच्छीमार संस्थेचे लोक त्या पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवत. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मगच तोंड सोडत. करंगळीच्या पेराएवढी रोहू, कटला, मृगळची पिल्लं बाहेर पडताना एकदा चकाकायची आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी व्हायची. समोर पाण्यात उभ्या वाळक्या बाभळीवर तीसेक पाणकावळे पंख पसरून बसले होते. शेवटची पिशवी रिकामी व्हायच्या आत त्यांतले सात-आठ पाण्यात उतरले.

शेजारी साठीतले काका उभे होते, परंपरेने मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातले. ते म्हणाले, "पाहा भाऊ, बसले जेवाले. आमी वाढून रायलो, ते खाऊन रायले. रोह्यासाठी, डुकरासाठी परवाना भेटते म्हणते. मंग याले मारायचा काऊन नाई भेटत?"

रोही म्हणजे नीलगाय. मी त्यांना कायदा सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि ओल्या पिशव्यांच्या घड्या घालायला लागले. मी सांगितलेलं सगळं खरं होतं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. गेलं वर्षभर ते डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी नागपूरचा. पंधराएक वर्षं हिवाळ्यात तलावांवर पक्षी मोजायला जातो. पाणकावळ्यांच्या शिकारीला परवानगी देऊ नये असं माझं ठाम मत आहे. पण ज्या सुरात आम्ही पक्षीप्रेमी हे मत मांडतो, तो सूर मला आता पटत नाही. "पक्षी फारसं काही खात नाहीत, निसर्गाचा समतोल असतो," असं सांगून आपण मोकळे होतो. तलावाचा ठेका भरणाऱ्या, बीजासाठी कर्ज काढणाऱ्या माणसाला हे सांगणं अन्यायाचं आहे.

कारण पाणकावळा खातो, आणि भरपूर खातो. आपल्याकडे तीन जातींचे पाणकावळे दिसतात: लहान, भारतीय आणि मोठा. मोठा पाणकावळा दिवसाला साधारण अर्धा किलो मासळी खातो असं जगभरच्या अभ्यासांत सापडतं. लहान पाणकावळा वजनानेच अर्ध्या किलोच्या आसपास, त्याची भूक त्या मानाने कमी. पण तो खातो बोटभर लांबीच्या आतली मासळी, म्हणजे नेमकं सोडलेलं बीज. इंच-दीड इंचाचं पिल्लू एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. अशा पिल्लांवर एका पक्ष्याचं पोट भरायचं तर दिवसाला शंभराहून जास्त लागतील. तीस पक्षी महिनाभर त्याच तलावावर बसले तर काय उरेल, हा हिशेब काकांना माझ्याआधी कळलेला होता. त्यात वेळही वाईट जुळते. बीज सोडतात पावसाळ्यात, आणि विदर्भात लहान पाणकावळ्यांची वीणही पावसाळ्यातच. घरट्यात पिल्लं तोंड उघडून बसलेली असतात तेव्हाच आपण तलावात ताट वाढतो.

तर नुकसान खरं आहे. मग मारायला का नको?

आधी कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली पाणकावळा संरक्षित आहे. शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं येत नाही, पक्ष्याची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हीही शिकारच. त्याच कायद्याच्या ६२ व्या कलमाने केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१६ मध्ये बिहारात मोकाम्याला नीलगाई मारल्या गेल्या, त्या याच वाटेने. दुसरी वाट ११ व्या कलमाची. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका असेल तर अधिकारी परवाना देऊ शकतो. काका रोह्याचं बोलत होते ते हेच. म्हणजे दार कायमचं बंद नाही. उद्या एखाद्या आमदाराने हा विषय लावून धरला तर ते उघडूही शकतं, आणि म्हणून याचा विचार आजच, शांतपणे व्हायला हवा.

ज्यांनी हे दार उघडलं त्यांचं काय झालं ते बघू. उत्तर अमेरिकेत पाणकावळ्याची एक जात आहे, डोक्यावर दोन तुरे असणारी. विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटी या कीटकनाशकामुळे तिच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडी फुटायची. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांवरून ही जात जवळपास पुसली गेली. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी आणली, त्याच वर्षी या पक्ष्याला संरक्षण मिळालं आणि तो परत आला. परत आला तो माणसाने मांडून ठेवलेल्या पंगतीत. मिसिसिपीच्या खोऱ्यात मांगूरसारख्या कॅटफिशची उघडी तळी मैलोन्मैल पसरली होती, तिथे त्याचा हिवाळा सुखात जाऊ लागला. आधी आपण संपवलं, मग आपणच पोसलं, आणि मग आपणच म्हणालो की जास्त झाले.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने २०१८ मध्ये प्रस्ताव मांडला की एका शिकाऱ्याला दिवसाला ५० पाणकावळे मारू द्यावेत, आणि तेही मार्चपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे विणीचा काळ धरून. शास्त्रज्ञांपासून सामान्य लोकांपर्यंत बरीच ओरड झाली. २०२० मध्ये नियम आला तेव्हा मर्यादा दिवसाला १५ वर आली आणि हंगाम १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर असा ठरला. एवढ्या वादात एक गोष्ट मागे पडली. ग्रेट लेक्समधले पाणकावळे तोवर राउंड गोबी नावाचा मासा मोठ्या प्रमाणावर खायला लागले होते. हा मासा मूळचा काळ्या समुद्राकडचा, जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर आलेला आणि स्थानिक मासळीच्या मुळावर उठलेला. ज्याला मारायला निघाले तो पक्षी काही ठिकाणी त्यांचंच काम करत होता.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याची गोष्ट याहून बोलकी आहे. कोलंबिया नदीच्या मुखाशी ईस्ट सँड आयलंड नावाचं बेट आहे. तिथे पाणकावळ्यांची प्रचंड मोठी वसाहत होती, आणि ते समुद्राकडे निघालेल्या सॅमनच्या पिल्लांवर ताव मारत. २०१५ ते २०१७ या काळात सरकारी यंत्रणेने हजारो पक्षी गोळ्या घालून मारले आणि अंडी उबू नयेत म्हणून घरट्यांतल्या अंड्यांवर तेल फवारलं. वसाहत मोडली. उरलेले पक्षी कुठे गेले? नदीतून वर, अस्टोरियाच्या लांबलचक पुलावर. बेटाजवळ त्यांना खाऱ्या पाण्यातली इतरही मासळी मिळायची. पुलापाशी पाणी त्या मानाने गोडं, तिथे ताटात सॅमनच जास्त. एकेक पक्षी आधीपेक्षा जास्त सॅमन खाऊ लागला, शिवाय विष्ठेने पुलाचं लोखंड खराब व्हायला लागलं ते वेगळंच.

माझ्या विरोधातलं उदाहरणही सांगायला हवं. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात, लीच लेक या तलावात वॉलाय नावाची मासळी घटली होती. २००५ पासून तिथल्या ओजिब्वे आदिवासींच्या संसाधन विभागाने इतर खात्यांबरोबर पाणकावळ्यांची संख्या गोळी घालून कमी केली, आणि मासळी सावरली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे काय झालं ते नीट बघा. तलावावर ज्यांचा हक्क, त्यांच्याच प्रशिक्षित माणसांनी ते केलं. किती पक्षी ठेवायचे हे आधी ठरवलं, पोटात काय सापडतं ते तपासलं, आणि त्याच काळात तलावात वॉलायची पिल्लंही मोठ्या प्रमाणावर सोडली. शिकारीचा हंगाम सगळ्यांना खुला करण्याशी याचा काही संबंध नाही.

आणि इथेच माझी मुख्य हरकत आहे. परवानगी निघाली तर बंदूक कोणाच्या हातात येणार? ढिवराच्या नाही. बीजाचे पैसे जमवताना ज्याची दमछाक होते त्याच्याकडे बंदुकीचा परवाना नसतो आणि काडतुसं घ्यायला पैसा नसतो. बंदूक येईल ती शहरातून, शनिवार-रविवारच्या गाड्यांमधून. ज्यांना मासळीशी देणंघेणं नाही, ज्यांना उडतं काहीतरी पाडायचं आहे, त्यांच्याकडून. संध्याकाळच्या उजेडात पाण्यावरून काळा पक्षी सरसरत गेला तर तो लहान पाणकावळा, भारतीय पाणकावळा की सर्पपक्षी, हे दुर्बीण लावूनही मला कधी कधी ठरवता येत नाही. हे पक्षी एकाच झाडावर बसतात. वीणही बगळ्यांबरोबर, रातबगळ्यांबरोबर, त्याच बाभळींवर करतात. बाभळीवर एक बार झाला की सगळी वसाहत उठते आणि उघड्या पडलेल्या पिल्लांवर घारी-कावळे तुटून पडतात. पाणपक्ष्यांची चोरटी शिकार आजही होते, हे तलावांवर फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. एका काळ्या पक्ष्याची परवानगी निघाली की पिशवीतल्या प्रत्येक बदकाला ती ढाल मिळेल.

छऱ्यांचंही बोललं पाहिजे. बंदुकीचे छरे शिशाचे असतात. ते तलावाच्या तळाशी जातात, बदकं ते दाणे किंवा खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. म्हणून अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे १९९१ मध्ये देशभर बंद केले आणि युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांवर त्यांच्यावर बंदी घातली. आपले गावतलाव म्हणजे गुरांचं पिणं, बायांचं धुणं, पोरांचं पोहणं. त्यात शिसं टाकायचं?

आता "जास्त झाले" या शब्दांकडे येतो. जास्त म्हणजे किती? दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. पक्षीमित्र हौसेने जातात, आम्हीही जातो. पण ती हिवाळ्यातली एका दिवसाची नोंद. पावसाळ्यात कोणत्या तलावावर किती घरटी, ते पक्षी काय खातात, त्यात बीज किती आणि इतर मासळी किती, याची नोंद तालुक्याच्या पातळीवर ठेवली जात नाही. आणि ती ठेवणं अवघड नाही. पाणकावळा न पचलेले काटे, खवले एका गोळ्यात गुंडाळून तोंडातून टाकून देतो. त्यात माशाच्या कानातले पांढरे खडेही असतात, आणि त्या खड्यांवरून माशाची जात नि साधारण लांबी सांगता येते. घरटी रिकामी झाल्यावर, डिसेंबरात, मी त्याच तलावावर त्या बाभळीखाली गेलो होतो. पाणी ओसरलं होतं. चिखल वाळून भेगाळलेला, त्यावर चुना शिंपडावा तशी विष्ठा, आणि मधे मधे चिकट करड्या गोळ्या. काका बरोबर होते. त्यांनी काडीने एक गोळी फोडली, तळहातावर खवले पसरले, नखाने एकेक उलटा केला. "हे रोहूचं नोहे," म्हणाले, "हे चिलापी." आम्ही आठ-दहा गोळ्या फोडल्या. रोहू-कटल्याचे खवले निघाले, पण चिलापीचे जास्त. चिलापी म्हणजे तिलापिया, बाहेरून आलेला, न बोलावता प्रत्येक तलावात शिरलेला आणि कार्प माशांचं खाद्य पळवणारा मासा. एका झाडाखालच्या दहा गोळ्यांवरून मी निष्कर्ष काढणार नाही, शिवाय इंचभर पिल्लाचा खवला गोळीत टिकतो तरी किती? पण असं तपासल्याशिवाय हा पक्षी तलावात कोणाच्या बाजूने आहे हे आपल्याला सांगता येणार नाही, एवढं तरी त्या दुपारी मला आणि काकांनाही पटलं.

नागपुरात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तेलंगखेडीला, फुटाळ्याच्या परिसरात, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथली पोरं मासळी शिकतात. आम्ही पक्षीवाले शहराच्या दुसऱ्या टोकाला दुर्बिणी पुसत बसतो. दोन हंगाम ही दोन टोळकी दहा तलावांवर एकत्र फिरली, गोळ्या गोळा केल्या, खडे मोजले, तर पूर्व विदर्भासाठी पहिला खरा आकडा हाती येईल. याला मोठा निधी लागत नाही.

आणि तलाव. या वादात सगळे पक्ष्याकडे बघतात, पाण्याकडे फार थोडे. पूर्व विदर्भातले हजारो मालगुजारी तलाव गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले, त्यांत कोहळी समाजाचं कौशल्य होतं. मालगुजारी गेली, पन्नाशीच्या दशकात तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढायची, पाळ सांभाळायची गावाची सवय सुटत गेली. आता किती तरी तलाव गाळाने उथळ झालेत. पाण्यातल्या ज्या देशी वनस्पतींच्या मुळांशी पिल्लं लपायची त्या गेल्या, आणि काठाने बेशरम नावाची झुडपं माजली. उथळ, उघड्या पाण्यात पाणकावळ्यांचा थवा मासळी हाकत काठाला आणतो. त्याच पक्ष्याला खोल आणि झाडोरा असलेल्या पाण्यात तेवढीच मासळी धरायला जास्त बुड्या माराव्या लागतील. भंडारा-गोंदियाकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सोबतीने तलावांतली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावायचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. ते मासळीसाठी होतं, आणि आधार होता ढिवर बायाबापड्यांच्या माहितीचा: कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, मरळ अंडी कुठे घालते. मला या सगळ्या वादाचं उत्तर तिथे जास्त दिसतं. इंग्लंडात मासेमारीच्या तळ्यांमध्ये जाळीचे आसरे बुडवून पाहिले, त्यांत मासळी शिरून बसते आणि पाणकावळ्यांच्या हाती कमी लागते, असं तिथल्या प्रयोगांत दिसलं. आपल्याकडे फांद्यांचे भारे बुडवणं हा त्याचाच स्वस्त प्रकार.

बीजाचंही तसंच. मोठ्या तलावांत शंभर मिलिमीटरच्या पुढची बोटुकली सोडावी, असं मत्स्यशास्त्र कधीपासून सांगतंय. तेवढं पिल्लू लहान पाणकावळ्याला सहजी गिळता येत नाही. पण मोठी बोटुकली महाग, आणि वाढवायला संगोपन तळं लागतं. मग संस्था परवडेल ते घेतात, इंचभराचं. तलावाच्या कडेला एक लहान संगोपन तळं, त्यावर ताणलेली जाळी, दोन-अडीच महिने तिथे पोसून मग मोठ्या पाण्यात सोडलेलं बीज. एवढी सोय प्रत्येक संस्थेला अनुदानातून करून दिली तर सप्टेंबरातली ती पंगत मोडेल. संगोपन तळ्यावर जाळी टाकताना दोर घट्ट ताणायला हवेत, नाहीतर सैल फासात पक्षी अडकून मरतात. फटाके, डबे, चमकीच्या पट्ट्या यांचा धाक आठवडाभर टिकतो, नंतर पक्षी त्यांच्यावरच येऊन बसतात. पण बीज सोडल्यानंतरचे पहिले दहा दिवस रोज पहाटे माणसं डोंगा घेऊन फिरली, तर तेवढे दहा दिवस पिल्लांना पांगायला मिळतात. त्या दहा दिवसांची मजुरी रोजगार हमीतून का देता येऊ नये?

याउपर जे नुकसान होईल त्याची भरपाई द्यायला हवी. रोह्याने तूर खाल्ली, डुकराने धान उकरलं, तर पंचनामा होतो. पैसे उशिरा आणि कमी मिळतात हे खरं, पण ते नुकसान आहे हे सरकार मान्य करतं. पक्ष्यांनी खाल्लेल्या बीजाचा पंचनामा होऊन पैसे हातात पडले, असं मला एकाही संस्थेच्या सभासदाने आजवर सांगितलेलं नाही. शेतात उभं पीक असतं तसं पाण्यात बीज हे ढिवराचं उभं पीकच आहे. पाणकावळा जगावा ही आमची, शहरातल्या लोकांची इच्छा असेल, तर त्याच्या जेवणाचं बिल एकट्या ढिवराने का भरायचं? वन्यजीव संरक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने ही मागणी आपली म्हणून करायला हवी. आम्ही ती आजवर केली नाही, म्हणूनच काकांना मी सांगितलेला कायदा शत्रूसारखा वाटला.

बीजाची खरेदी पावती, सोडल्याची तारीख, संख्या, आणि नंतरच्या दर आठवड्याला तलावावर बसलेल्या पक्ष्यांची मोजणी, एवढ्या नोंदी असल्या तर पंचनाम्याला आधार मिळतो. संस्थेची वही आहे, तिच्यात बीजाचा रकाना आहे, पक्ष्यांचा नाही. माझी वही आहे, तिच्यात पक्ष्यांचा रकाना आहे, बीजाचा नाही. यंदा जूनमध्येच काकांकडे गेलो आणि दोन्ही वह्यांतून एक तक्ता आखून दिला. लहान पाणकावळा आणि सर्पपक्षी यांतला फरक त्यांनी विचारला नाही, तो त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. "मानेकडून," म्हणाले, "याची मान सापासारखी राह्यते. यानं मासा भाल्यासारखा भोसकला पाह्यजे, तेव्हा खाते." मग तक्त्यात त्यांनी स्वतःहून आणखी एक रकाना पाडून घेतला, पाण्याची खोली. बीजाची पहिली खेप पाऊस धरल्यावर येणार आहे.